गिटार खोलून बसलेला गृहस्थ

नागपुरात गिटार वाजवणारे पुष्कळ. ऑर्केस्ट्रात आहेत, चर्चमध्ये आहेत, कॉलेजच्या गॅदरिंगला तर दरवर्षी नवे उगवतात. त्यांचं इथे काही काम नाही. विषय आहे तो गिटार खोलून बसणाऱ्या गृहस्थाचा. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी बँकेत, महावितरणात किंवा मिहानमधल्या एखाद्या कंपनीत, घर मनीषनगर किंवा त्रिमूर्तीनगरकडे. रविवारी सकाळी दिवाणावर जुनी चादर अंथरलेली असते आणि तिच्यावर एका सेकंडहॅण्ड इलेक्ट्रिक गिटारचे सुटे अवयव मांडलेले असतात. शेजाऱ्यांच्या मते याला चळ लागलाय. घरच्यांच्या मते तरुणपणी गिटार शिकायची राहून गेली, त्याचं हे उट्टं काढणं चाललंय. दोन्ही निदानं चुकीची आहेत. या माणसाचं संगीतावाचून काही अडलेलं नाही. त्याला बिघाडाचं कारण हवं असतं, आणि गिटार हे त्या शोधाचं निमित्त. बिघडलेल्या प्रत्येक वस्तूवर ‘चालून जाते ना भाऊ’ हाच उपचार करणाऱ्या शहरात निदान एका वस्तूच्या बाबतीत ‘नाही चालत’ म्हणणारा माणूस हास्यास्पद असेल, पण निरुपयोगी नाही, एवढंच मला सिद्ध करायचं आहे.

पहिला पुरावा खरेदीचा. मे-जूनमध्ये व्हीएनआयटी आणि इतर इंजिनिअरिंग कॉलेजांतली शेवटच्या वर्षाची पोरं गाव सोडतात, तेव्हा बजाजनगर-लक्ष्मीनगरकडच्या भाड्याच्या खोल्यांतून गाद्या, टेबलफॅन आणि गिटारी बाहेर पडतात. यांतल्या बहुतेक गिटारी पहिल्या वर्षी मोठ्या हौसेने घेतलेल्या आणि एफ नावाच्या कॉर्डपाशी पोचून कायमच्या थांबलेल्या असतात. भाव तीन-चार हजार. वाजवणारा गिऱ्हाईक गिटार मांडीवर घेतो, दोन सूर छेडतो आणि मग भाव करतो. आपला गृहस्थ ती आधी पालथी घालतो. ‘‘एकदम ओके आहे काका, कालपर्यंत वाजवून राहिलो होतो,’’ असं पोरगं सांगतं, तसा त्याचा चेहरा उतरतो. मग पोरगं प्रामाणिकपणे कबूल करतं, ‘‘फक्त आवाज मधेच जाते, आन् खालच्या दोन तारा थोड्या झणझण करते.’’ तेवढ्यावर सौदा पटतो. ज्याला वाजवायचं असतं तो दोष निघाला की पैसे कमी करून मागतो. हा दोष ऐकून मागितलेले पैसे देतो. संगीताची ओढ असलेला माणूस असा वागणार नाही.

दुसरा पुरावा बर्डीवरचा. सीताबर्डीच्या मोदी नंबरच्या गल्ल्यांमध्ये तो आवाजाचा पॉट मागायला जातो. पॉट म्हणजे गिटारवरचं बटण फिरवलं की आत फिरतो तो रोध. तारांचं कंपन टिपणारा पिकअप एका कॉइलचा (सिंगल कॉइल) असेल तर गिटारला साधारण २५० किलो-ओहमचा लागतो, दोन कॉइलचा (हंबकर) असेल तर ५०० चा. दुकानात मिळतो तो अॅम्प्लिफायरसाठी खपणारा १०० चा. ‘‘लावून टाका भाऊ, चालून जाते,’’ दुकानदार म्हणतो. इथे आपल्या गृहस्थाचा आवाज चढतो. १०० चा पॉट लावला की पिकअपवर जास्त भार येतो, वरच्या पट्टीतली धार जाते आणि गिटार गोधडीखालून बोलल्यासारखी बोलते, हे तो उभ्याउभ्या समजावून देतो. वर लिनिअर आणि लॉग यांतला फरक सांगतो: लिनिअर पॉट फिरवला तर कानाला बराचसा बदल बटणाच्या एकाच टोकाला जाणवतो, उरलेला फेरा वाया जातो. मागे मोबाइलची काच बदलायला आलेली चार माणसं ताटकळलेली असतात. हाच गृहस्थ ऑफिसात चुकीच्या नमुन्यात आलेला अर्ज बिनबोभाट पुढे सरकवतो. काटेकोरपणा त्याच्या अंगी मुळात आहे, पण तो सगळा गिटारच्या पोटात जमा झालेला आहे.

तिसरा पुरावा प्रत्यक्ष शस्त्रक्रियेचा, आणि तो जवळून पाहण्यासारखा आहे. तार झणझणते याचा अर्थ कुठला तरी फ्रेट, म्हणजे गिटारच्या मानेवर (नेकवर) आडवी बसवलेली धातूची पट्टी, शेजारच्यांपेक्षा वर आलाय. तो शोधायला कंपन्या खास पट्टी विकतात. हा मुदत संपलेलं एटीएम कार्ड घेतो. कार्डाची कड एका वेळी तीन फ्रेटवर टेकवायची आणि दोन्ही टोकांना आलटून पालटून बोटाने दाबायचं. कार्ड डुगडुगलं तर मधला फ्रेट गुन्हेगार. मग त्याच्या माथ्यावर मार्करची काळी रेघ ओढायची आणि गवंड्याच्या लेव्हलपट्टीला चारशे नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून हलक्या हाताने घासायचं. जिथली शाई आधी उडते तिथे उंचवटा. त्यानंतर सहाशे, हजार, दोन हजार असे कागद बदलत जायचं, शेवटी धातूत ट्यूबलाइट दिसायला लागते. तारा ज्या खाचांतून जातात त्या वरच्या पट्टीची खाच फार खोल गेली असेल तर तीत खायचा सोडा भरून वर फेविक्विकचा थेंब सोडायचा. क्षणात दगड होतो, तो कानशीने हवा तसा कोरता येतो. संध्याकाळी आलूबोंड्यासाठी सोड्याचा डबा शोधला जातो, तेव्हा तो स्वयंपाकघरात नसतो. हे सगळं होईपर्यंत एकही सूर वाजलेला नसतो. गिटारमधून निघणारा पहिला आवाज हा खरं तर मल्टीमीटरचा असतो: एक टोक ब्रिजला, दुसरं जॅकला लावलं आणि ‘पीं’ झालं, की ब्रिजची ग्राउंडची तार शाबूत आहे. त्या एकसुरी ‘पीं’वर तो मैफल जिंकल्यासारखा मान डोलावतो.

आता नागपूरची हवा. तिच्यामुळे या छंदाला कधी शेवटच येत नाही. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि नवतपा लागला की हवेतला ओलावा नावालाच उरतो. फ्रेटबोर्डाचं लाकूड आकसतं, धातूचे फ्रेट आकसत नाहीत, म्हणून त्यांची टोकं कडेने बाहेर येऊन बोटांना टोचू लागतात. नेक सरळ होत जातो, तारा फ्रेटला टेकतात, झणझण सुरू होते. मग नेकच्या पोटातला ट्रस रॉड नावाचा लोखंडी गज पाव फेरा सैल करायचा. रात्री त्याच खोलीत कूलर लागतो. ओल्या ताट्यांतून आलेली दमट हवा रात्रभर लाकडावर खेळते आणि सकाळी मोजमाप थोडं सरकलेलं असतं. जुलैत पाऊस मुरला की लाकूड फुगतं, नेकला बाक येतो, तारा उंच जातात. पाव फेरा परत घट्ट. समुद्रकाठच्या माणसाला हे सुख नाही. त्याच्याकडे हवा बाराही महिने कमी-जास्त दमटच, एकदा लावलेली गिटार बरेच दिवस तशीच राहते. नागपूरच्या गृहस्थाला मात्र नवतपा आणि पोळा अशा दोन हंगामांत हक्काचं काम असतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत मारबतीची मिरवणूक निघते, तीत वर्षभराच्या पीडांचे बडगे, म्हणजे पुतळे, काढतात. एखाद्या वर्षी या गिटारचाही बडग्या निघावा, अशी शेजाऱ्यांची सूचना असते.

यावर पहिला आक्षेप हिशेबाचा, आणि तो घरातूनच येतो. गिटार साडेतीन हजारांची. तिला नव्या खुंट्या, तारा, पॉट, पिकअप, तांब्याची चिकटपट्टी. त्यासाठी सोल्डरिंग आयर्न, मल्टीमीटर, अॅलन कीचा संच, तीन प्रकारच्या कानशी. बेरीज केली तर दुकानातून नवी कोरी गिटार आली असती. हे गणित बरोबर आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यात एक गृहीत दडलंय, की त्याला गिटार हवी होती. नवी गिटार बिघाडाशिवाय येते. त्याने पैसे मोजले ते बिघाडासाठी. तक्रारीला जागा आहे ती पुढच्या युक्तिवादात. हत्यारं आता आहेतच, तेव्हा दुसरी गिटार फारच स्वस्तात पडेल, असं तो म्हणतो. या युक्तिवादाला उत्तर नाही. भिंतीवर दुसरी खुंटी ठोकली जाते ती त्यामुळेच.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा: ‘‘इतकं करून वाजवता तर येत नाही!’’ पाहुण्यांनी आग्रह केलाच तर तो तारा मोकळ्या छेडतो, बाराव्या फ्रेटवरचा सूर मोकळ्या तारेच्या बरोबर दुप्पट कंपनांचा येतो हे दाखवतो आणि गिटार खाली ठेवतो. पाहुणे हिरमुसतात. पण वाजवता न येणं हा जर दोष, तर त्याचा सर्वांत मोठा धनी कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावचा लिओ फेंडर. त्याने १९३८ साली रेडिओदुरुस्तीचं दुकान काढलं आणि १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर बाजारात आणली. आज जगभर स्वस्त गिटारी जिच्या आकाराची नक्कल करतात ती हीच. नेक डिंकाने न चिकटवता स्क्रूंनी बसवायचा, म्हणजे खराब झाला तर काढून दुसरा लावता येईल, हा विचार दुरुस्ती करणाऱ्याचा होता, वाजवणाऱ्याचा नव्हे. फेंडरला गिटार वाजवता येत नव्हती. आपल्याकडे पाहायचं तर मिरजेला जावं. शस्त्रांना धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात तिथे तंबोरे घडवू लागले, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. घोडीचा माथा कानसून जवारी काढणाऱ्या कारागिराला ‘‘तुम्ही ख्याल गाता का?’’ असं विचारून कोणी त्याची मजुरी ठरवत नाही. गंमत अशी, की तंबोऱ्यात जो झंकार मुद्दाम आणतात त्याच जातीचा आवाज गिटारमध्ये आला तर तो रोग. तेव्हा झणझण वाईटच असा काही निसर्गनियम नाही. ती कुठून येते आणि कशाने जाते, हे ज्याला कळतं त्याच्या हाती तो झंकार ठेवायचा की घालवायचा हा निर्णय येतो.

कोणी म्हणेल, फेंडर आणि मिरज कुठे, आणि मनीषनगरचा दिवाण कुठे! त्यांनी वाद्यं जगाला दिली. याने काय दिलं? ब्रायन मेने १९६३ साली वडिलांच्या मदतीने जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड आणि मोटारसायकलच्या स्प्रिंगा वापरून गिटार करायला घेतली आणि पुढे क्वीन बॅण्डमध्ये तीच वाजवली, हे उदाहरण आपला गृहस्थ स्वतःच पुढे करतो. ते त्याच्या उपयोगाचं नाही, कारण ब्रायनला वाजवता येत होतं. मला दुसरा, घरगुती पुरावा जास्त वजनदार वाटतो. गिटार अॅम्पला जोडली की घुंइंइं असा आवाज येतो, आणि तारांना हात लावला की तो कमी होतो. भिंतीतल्या विजेची ५० हर्ट्झची ही गुणगुण. कारण शोधत तो जॅकपासून अॅम्पपर्यंत, अॅम्पपासून प्लगपर्यंत येतो. टू-पिनच्या सॉकेटमध्ये बसावा म्हणून आधीच्या मालकाने प्लगची तिसरी पिनच उडवलेली असते. गिटारच्या तारा अॅम्पच्या चासीला जोडलेल्या असतात. अॅम्पमध्ये बिघाड झाला आणि अर्थिंग नसली तर करंट सरळ वाजवणाऱ्याच्या बोटांत. तो प्लग बदलतो, सॉकेट तपासतो आणि मग त्याला शोध लागतो की अख्ख्या घराचीच अर्थिंग धड नाही. अंगणातला अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्याने ठणठणीत कोरडा पडलेला असतो, आणि कोरड्या मातीतून करंट नीट जमिनीत उतरत नाही. रविवारच्या रविवारी कोळसा येतो, मीठ येतं, पाणी ओतलं जातं, इलेक्ट्रिशियनला बोलावून वायर बदलली जाते.

आता हे लक्षात घ्या, की कूलरच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, अशी तक्रार त्या घरात गेल्या उन्हाळ्यापासून चालू होती. ‘‘अहो, एकदा बघा ना, पोरं हात लावतात,’’ हे कितीदा सांगून झालं होतं. नागपुरात कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या उन्हाळ्यात पेपरात येतात, त्याही त्याने वाचल्या होत्या. त्यावर त्याचं उत्तर, ‘‘चप्पल घालून हात लाव, चालून जाते.’’ कूलरचा शॉक हे त्याच्या लेखी गाऱ्हाणं होतं; अॅम्पची गुणगुण हा प्रश्न होता. आणि प्रश्नाचा पाठपुरावा करताना गाऱ्हाणं वाटेत आपोआप मिटलं. याला कोणी बेजबाबदारपणा म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण ज्या कुतूहलाने घर सुरक्षित झालं ते संगीताने जागवलं नव्हतं, कर्तव्याने तर नाहीच नाही. साडेतीन हजारांच्या मोडक्या गिटारने ते जागवलं. हिशेबाच्या वहीत ही जमेची बाजू कोणीच लिहिलेली नसते.

तेव्हा या गृहस्थाला सुधारण्याच्या भानगडीत न पडता त्याचा वापर करायला शिकावं. त्याच्याकडून जे दुरुस्त व्हावंसं वाटतं त्याचा गिटारशी संबंध जोडून द्यावा, बाकी तो बघून घेईल. पंखा आवाज करतो असं सांगू नये. पंख्याच्या रेग्युलेटरमुळे पिकअपमध्ये खरखर येते का, असं सहज विचारावं. छत गळतंय असं तर चुकूनही म्हणू नये. खोलीतली दमट हवा वाढून नेकला बाक येतोय, एवढंच म्हणावं. गवंडी उद्या सकाळी दारात उभा असेल.