नळ कुठे आहे ते आधी विचारा

काकू, जरा कुंपणाशी या ना. पोळ्या व्हायच्यात? होतील हो, दोन मिनिटांनी काही बिघडत नाही. कोपऱ्यावरच्या तात्याचा ट्रेलर काल रात्री बार्बेक्यूच्या स्पर्धेहून परत आला, तो बघितलात का?

"बघितला. त्याचं तोंडही बघितलं. बक्षीस नाही वाटतं?"

बक्षीस कसलं! निकालाच्या यादीत त्याचं नाव खालून शोधायला सोपं. (नाव त्याचं वेगळंय हो. पण आपल्या सगळ्या ओव्हरलँड पार्क गावात सकाळी सकाळी बनियनवर झाडांना पाणी घालणारा दुसरा कोणी नाही, म्हणून आमच्या घरात तो तात्या.) आणि दोष मांसाचा नव्हता, मसाल्याचाही नव्हता. सगळा घोळ विजेचा आणि पाण्याचा.

"अमेरिकेत? वीज-पाण्याचा?"

हां, मलाही असंच वाटायचं. आमचे हे त्याच्या टीममध्ये जायला लागले आणि मग एकेक कळायला लागलं. म्हणजे हे काय, हरकाम्या. आमच्याकडे गाईचं खात नाहीत, तरी ब्रिस्केट, म्हणजे गाईच्या छातीचं मांस, राखायला रात्रभर जागतात. मी म्हटलं, खात नाही ते शिजतंय की नाही हे बघायला झोप कशाला मोडायची? तर म्हणे, शेजारधर्म.

इथे कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या नियमाने चालणाऱ्या स्पर्धेत चार प्रकार. शनिवारी दुपारी १२ला चिकन, साडेबाराला डुकराच्या बरगड्या, १ला पोर्क आणि दीडला ब्रिस्केट. परीक्षकांच्या टेबलावर डबा द्यायला आधीची पाच मिनिटं नि नंतरची पाच मिनिटं एवढीच सवलत. पण ब्रिस्केटला दहा-बारा तास लागतात, म्हणून बरेच जण शुक्रवारी मध्यरात्रीच मांस चढवतात. म्हणजे ही माणसं चोवीस तासांहून जास्त त्या मैदानावर बिऱ्हाड करून असतात. बिऱ्हाड म्हटलं की पाणी आलं, दिवा आला, मोरी आली, संडास आला.

"पण मला एक सांग, चूल लाकडाची. मग वीज लागते कशाला?"

बरोब्बर प्रश्न! शिजवायला फक्त लाकूड, कोळसा नाहीतर लाकडाचे पेलेट. गॅसवर किंवा विजेच्या शेगडीवर शिजवायचं नाही, गरमसुद्धा ठेवायचं नाही. पण पंखा चालतो, पेलेट पुढे ढकलणारा मळसूत्री दांडा चालतो. तात्याची चूल, म्हणजे स्मोकर, पेलेटवाला. आत आग लाकडाची, पण तिला खायला घालणारा हात विजेचा. पेटताना तीनेकशे वॅट घेतो, एकदा पेटला की पन्नासेक वॅटवर भागतं. एका जुन्या बल्बाएवढं. तेवढी वीज गेली तरी आग उपाशी मरते.

आता ऐका. स्पर्धेच्या कागदावर लिहिलेलं, 'वीज आणि पाणी उपलब्ध'. बस्स. किती, कुठे, किती जणांत, काही नाही. गावाचं नाव मी घेत नाही, उगाच कुणाकडून तरी संयोजकांच्या कानावर जायचं. पोचल्यावर कळलं, तीन टीमना मिळून एक लाइन, २० अँपिअरची. इथे १२० व्होल्ट, म्हणजे झाले २४०० वॅट. शेजारच्या टीमचा ट्रेलर म्हणजे चाकांवरचा बंगला, त्याचा एसी एकटाच दीड हजार वॅट ओढतो. पलीकडच्या टीममधल्या कोणाला तरी रात्री अडीचला कॉफीची तल्लफ आली. कॉफीचं यंत्र आणखी हजार. तुम्हीच करा बेरीज.

"ट्रिप झालं."

ट्रिप झालं! आणि गंमत म्हणजे कोणालाच कळलं नाही. एसीवाले झोपलेले. कॉफीवाल्याला वाटलं यंत्र बिघडलं, तो गेला अंथरुणात. आणि आमचे दोन शूरवीर? तात्याने मोठ्या ऐटीत मांसात टोचायचे थर्मामीटर लावले होते. तापमान उतरलं की फोनवर घंटा वाजणार. पण ती घंटा वाजवणारी डबी त्याच वायरवर! सगळं गुडूप. पहाटे हे उठले ते थंडीने, स्मोकरला हात लावला तर नुसता कोमट.

मग ब्रेकर वर करायला धावले, तर ब्रेकरचा डबा एका शेडमध्ये, शेडला कुलूप, आणि किल्ली ज्याच्याकडे तो आपल्या घरी झोपलेला. हे ऐकून मला इतकं माहेरी गेल्यासारखं वाटलं, काय सांगू!

"आमच्या सोसायटीत पंपाच्या खोलीची किल्ली अशीच असते. अध्यक्ष महाबळेश्वरला, किल्ली त्यांच्या खिशात."

तेच तर! पलीकडे एक म्हातारा होता, लोखंडी पिंपात कोळशावर शिजवणारा. त्याला वीज नको, काही नको. खुर्चीत बसून सगळी पळापळ बघत होता. त्याने आपल्या पिंपात तात्याच्या ब्रिस्केटला जागा देऊ केली. तात्याने घेतली नाही. मानी माणूस. दुपारी दीडला डबा वेळेत गेला, पण आत मांस चामड्यासारखं चिवट.

आमचे हे नाशिकचे, लोडशेडिंगमध्ये अभ्यास करून पास झालेले. परत येताना गाडीतच तात्याला म्हणाले, अरे बॅटरी आणि इन्व्हर्टर ठेव की ट्रेलरमध्ये! १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १२०० वॅट-तास. पन्नास वॅटचं यंत्र त्यावर अख्खी रात्र काढून वर उरतं. तात्या आ वासून बघतच राहिला म्हणे. चाळीस हजारांचा, म्हणजे डॉलरचा, ट्रेलर घेतलाय माणसाने आणि हे सुचलं नाही! आपल्याकडे दहावीच्या मुलाला विचारा.

जनरेटर आहे हो त्याच्याकडे. पण रात्री ११ नंतर शांतता, असा बहुतेक ठिकाणी दंडक असतो. होंडाचे छोटे, कमी आवाजाचे असतात ते चालवून घेतात. तात्याचा जुना, तो सुरू केला की पोलीस यायचे. आणि एक्स्टेंशनची वायर? गॅरेजमधली ती नारिंगी, दिवाळीच्या माळांना लावायची. इथे वायरचा गेज जितका मोठा तितकी वायर बारीक, उलटाच हिशेब. सोळा गेजच्या वायरीवर शंभर फुटांवरून ओढलं की टोकाला व्होल्टेज पडतं आणि प्लग तापतो. निदान बारा गेजची हवी. हे सगळं मला आता तोंडपाठ. ह्यांना संसारातलं काही विचारा, तर नाही सांगता येणार.

"आणि पाणी?"

पाण्यानं तर तोंडचं पाणी पळवलं. 'पाणी उपलब्ध' म्हणजे नळ एक, तोही मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, गुरं बांधायच्या गोठ्यामागे. खरं तर काउंटी फेअरची मैदानं त्या मानाने बरी. गुरांच्या प्रदर्शनाला लोक ट्रेलर घेऊन येतात म्हणून ठिकठिकाणी नळ आणि विजेचे खांब मुळातच असतात. ३० अँपिअरचे, ५० अँपिअरचेसुद्धा. पण ते चांगले खांब ज्यांनी आधी नाव नोंदवलं त्यांना. उरलेल्यांना मागची गवताळ पट्टी.

आणि पाणी लागतं किती, विचारू नका. खायला बसल्यावर मांस दिसतं, पाणी दिसत नाही. भांडी धुवायला तीन टब लागतात. एकात साबण, दुसऱ्यात साधं पाणी, तिसऱ्यात गॅलनला एक झाकण ब्लीच. तिन्हीतून फिरल्याशिवाय सुरी, पाट काही परत वापरायचं नाही. शनिवारी दहा वाजेपर्यंत पहिल्या टबाचं काय होतं सांगू? वर चरबीचा तवंग, खाली मध आणि तिखटाचा गाळ, हात घातला तर बोटं धुतली जाण्याऐवजी चिकट होऊन बाहेर येतात. ते पाणी बदलायचं तर गोठ्यामागच्या नळापर्यंत जायचं. ह्यांनी दोन हातात दोन कॅन घेऊन खेपा घातल्या. पाच गॅलनचा कॅन म्हणजे एकोणीस लिटर. दोन दिवस झाले, खांदे चोळतायत.

"होज घेऊन जायचा की."

नेलेला! बागेतला हिरवा. त्यातून पिण्याचं पाणी घेऊ नये, त्याला वेगळा पांढरा येतो, पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेला. हिरव्यातून उन्हात तापलेलं पाणी येतं ना, त्याला रबराचा वास मारतो. आणि हे पाणी नुसतं भांड्यांना नाही. इथे माझा संबंध येतो.

"तुझा? तू कधी गेलीस?"

शनिवारी सकाळी डबे घेऊन गेले होते, पोहे दिले आणि अडकले. मांसाच्या डब्यात खाली हिरवा पाला पसरायची पद्धत आहे. सक्ती नाही, पण सगळे करतात. लेट्यूस चालतं, पार्सली चालते, आणि काकू, कोथिंबीर चालते! नियमात लिहिलंय. तात्याची बायको म्हणाली, तू हे करशील का? मी म्हटलं, बाई, जन्मभर दुसरं काय केलंय? बसले निवडायला. पण कोथिंबीर निवडणं सोपं, धुणं अवघड. एक जरी मातीचा कण, कागदाचा कपटा डब्यात गेला तर डबा बाद होऊ शकतो. आणि धुतल्यावर नीट निथळली नाही तर डब्यात तळाशी पाणी साचणार. सहा परीक्षक आधी झाकण उघडून नुसतं रूप बघतात, मग चव, मग मऊपणा. म्हणजे पहिली नजर माझ्या कोथिंबिरीवर! शेवटी मी आमचं प्यायचं बाटलीतलं पाणी वापरलं. परीक्षकांना मात्र घासाघासामध्ये पाणी आणि फिकी बिस्किटं दिलेली असतात. आम्ही तहानलेले.

"आणि वापरलेलं पाणी? ते कुठे ओतता?"

इथेच तुम्ही पुणेकर! येणाऱ्या पाण्याचं सगळे विचारतात, जाणाऱ्याचं कोणी विचारत नाही. रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात ओतायचं नाही, ते प्रक्रिया न होता थेट ओढ्याला जातं. चांगल्या स्पर्धेत मोरीच्या पाण्याला वेगळी टाकी, चरबीला वेगळं पिंप, आणि निखाऱ्याच्या राखेला वेगळं लोखंडी पिंप असतं. राख म्हणजे वरून गार, आत जिवंत. ती कोणी प्लास्टिकच्या कचरापेटीत टाकली की अग्निशामक दलाला काम. या गावात पिंप एकच होतं, आणि त्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं. बर्फाचंही तेच. शिजवण्याआधी तपासनीस येतो, तेव्हा मांस ४० फॅरनहाइटच्या, म्हणजे आपल्या साधारण ४ सेल्सियसच्या खाली असायला हवं. बर्फाची गाडी आली ती शुक्रवारी दुपारी एकदाच. मग कूलरमधलं पाणी सोडा, चिखल करा, त्यातून घसरा.

संडासाचं मी बोलणारच नाही. बघ्यांना आणि टीमना मिळून एकच रांग, आणि साडेअकराला, ऐन घाईच्या वेळी, पुढे वीस माणसं. झालं बोलून.

"मोठ्या स्पर्धांत पण असंच?"

मोठ्यांची दुखणी मोठी. आपल्या कॅन्सस सिटीची अमेरिकन रॉयल १९८०पासून चालते. पूर्वी ती वेस्ट बॉटम्समध्ये भरायची, एका वर्षी अ‍ॅरोहेड स्टेडियमच्या आवारात गेली, आणि २०१६पासून कॅन्सस स्पीडवेवर. शेकडो टीम, त्यांचे ट्रेलर, म्हणजे जागाच तेवढी पाहिजे ना. मोटारींच्या शर्यतीच्या आवारातच ती मिळते. मेम्फिसला तर वेगळीच तऱ्हा. तिथली मे महिन्यातली स्पर्धा मिसिसिपी नदीच्या काठच्या टॉम ली पार्कात भरायची. २०११ साली नदीला असा पूर आला की पार्कच पाण्याखाली. सगळी स्पर्धा उचलून गावातल्या जत्रेच्या मैदानावर न्यावी लागली. इथे एका नळासाठी रडारड, तिथे पाणी चालून घरी आलं!

तात्या मात्र त्या गावाला फार नावं ठेवत नाही. म्हणतो, संयोजक गावातलेच, नोकरी सांभाळून फुकट राबतात. जनरेटर भाड्याने आणायचा, इलेक्ट्रिशियन रात्रभर बसवायचा, तर प्रवेश फी वाढवावी लागते, आणि फी वाढली की टीम कुरकुरतात. खरंय. पण मला नाही पटत, काकू. बक्षिसाचा आकडा कागदावर मोठ्या अक्षरात छापतात, मग अँपिअर छापायला शाई कमी पडते? नसेल वीज तर 'नाही' लिहा. माणूस आपली बॅटरी घेऊन येईल, आपलं पाणी भरून आणेल. 'उपलब्ध' लिहून अंधारात ठेवायचं, हे मला चालत नाही.

"अगं, पण आमचा चिरंजीव म्हणतोय पुढच्या मोसमात भाग घ्यायचा. मित्रांची टीम काढलीय."

म्हणूनच तर हाक मारली तुम्हाला! त्याला सांगा, फी भरायच्या आधी फोन कर. एका टीमला किती अँपिअर, लाइन एकट्याची की वाटणीची, ब्रेकरची किल्ली रात्री कोणाकडे, आणि नळ आपल्या जागेपासून किती फुटांवर. पलीकडून "बघू, होईल काहीतरी" असं आलं, तर पैसे भरू नको म्हणावं. आणि भरलेच असतील तर बॅटरी आमच्याकडून न्या. ह्यांनी कालच मागवलीय.