वय चोरणारी गाडी

जुन्या गाड्यांच्या जाहिरातींत एक अद्भुत जग नांदत असतं. तिथल्या साऱ्या गाड्या डॉक्टरांच्या, एकहाती वापरलेल्या. रविवारी देवळापर्यंत जाऊन येण्यापलीकडे त्यांनी काही पाहिलेलं नसतं आणि खड्डा म्हणजे काय हे त्यांना ऐकूनही ठाऊक नसतं. मालकाची केवळ बदली झालीय, म्हणून नाइलाजानं विकायची. हा बदली झालेला मालक लष्करात असला आणि किंमत बाजारभावाच्या निम्मी असली, तर बहुधा गाडीच नसते. असतात ते चार फोटो, एक ओळखपत्र आणि ‘टोकन पाठवा, गाडी उद्या दारात’ असं म्हणणारा आर्जवी आवाज. न पाहिलेल्या गाडीसाठी पैसे पाठवणाऱ्यांना हसू नये. अर्ध्या किमतीत परमेश्वर मिळतोय असं कळलं, तर आपणही दर्शनाआधी टोकनच विचारू.

खरी असलेली गाडी निदान वय चोरते. ययातीला तारुण्य परत हवं होतं तेव्हा पुरूसारखा मुलगा लागला होता. गाडीला एक लॅपटॉप पुरतो. डिजिटल मीटरवरचे लाखभर किलोमीटर चहा निवायच्या आत अठ्ठावीस हजारांवर येतात. पण मीटर पढवता येतं, बाकीचं अंग नाही. ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं असतं, स्टिअरिंगला तळव्यांची चकाकी आलेली असते, गिअरच्या मुठीवरचे आकडे पुसट झालेले असतात. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात: 3519 म्हणजे 2019 च्या 35 व्या आठवड्यात जन्मलेला टायर. काचांच्या कोपऱ्यांतही बारीक खुणा असतात. सगळ्यांत एकच काच धाकटी निघाली, तर थोरलीचं काय झालं ते हळूच विचारावं. आणि ‘आताच आणली, दाखवायला बाहेर काढून ठेवली’ असं कुणी म्हटलं, तर बॉनेटवर तळवा टेकवावा. थंड इंजिन पहिल्या चावीला कसं खोकतं ते ऐकू येऊ नये, म्हणून पुष्कळांनी ते आधीच तापवलेलं असतं.

सगळ्यात जपून बोलतात त्या पाणी पाहिलेल्या गाड्या. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. 2019 मध्ये कृष्णा-पंचगंगेनं सांगली-कोल्हापूर बुडवलं, 2021 च्या जुलैत वाशिष्ठी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली. अशा पाण्यात किती गाड्या छपरापर्यंत उभ्या राहिल्या असतील! त्यातली एखादी धुऊनपुसून, आत मोगऱ्याचं अत्तर शिंपडून कुठल्या कोरड्या गावी विकायला उभी राहते. माझ्या ओळखीचे एक मिस्त्री अत्तराचा वास आला की काही न बोलता सीटबेल्ट शेवटापर्यंत ओढून काढतात. पट्ट्याचा जो भाग एरवी कुणाच्या खांद्यावर येत नाही, तिथे गाळाची फिकट रेघ असते. मिस्त्री तिच्यावर अंगठा फिरवतात आणि ‘कुठल्या नदीची?’ एवढंच विचारतात. विकणाऱ्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटतं ते लबाडीपेक्षा थकव्यासारखं वाटतं. बुडालं ते त्याचंही असू शकतं.

असं खोटं हुडकताना माणसंच जास्त सापडू लागतात. मागच्या काचेवर नखांनी खरवडूनही उरलेला कार्टूनचा अर्धा कान, डॅशबोर्डवर गणपती चिकटवला होता तिथला गोंदाचा चौकोन, कुण्या आजीनं आधारासाठी धरून धरून झिजवलेला दरवाज्यावरचा दांडा. कागदही बोलके. आरसीवर बँकेचा बोजा दिसला तर हप्ते फिटल्याचं बँकेचं पत्र आणि फॉर्म 35 मागायचे, चॅसी नंबर प्रत्यक्ष लोखंडावर वाचायचा, 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मांवर सह्या घ्यायच्या, पैसे आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात भरायचे. थकलेली ई-चलनं पाहिली की आधीच्या मालकाचा कुठल्या सिग्नलला धीर सुटला होता तेही कळतं. एका परक्या माणसाबद्दल इतकं आपण एरवी कधी वाचतो? संशयानं का होईना, आपण त्याच्या आयुष्याकडे नीट पाहिलेलं असतं.

आणि सगळं हातात आल्यावर विम्याचा कागद एक गोष्ट बजावतो. आधीच्या मालकानं सलग पाच वर्षं विमा कंपनीकडे एकदाही दावा केला नसेल, तर त्याला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यावर 50 टक्के सूट मिळते. ती नो क्लेम बोनसची सूट गाडीबरोबर येत नाही. तो ती आपल्या पुढच्या गाडीला घेऊन जातो. धडका, ओरखडे, गाळ, गोंद सगळं आपल्या नावावर होतं. सांभाळून चालवल्याचं पुण्य तेवढं ज्याचं त्याच्याकडे राहतं. बाजारात इतकी लबाडी असताना हा एक नियम मला फार सभ्य वाटतो. आपल्या खात्यावर शून्य टक्के असतात, आणि जुन्या गाडीत नवंकोरं म्हणावं असं तेवढंच असतं.