बैल तगडा, जू कच्चं

भालकीत माझी काँटेसा सोडली तर दुसरी स्पोर्ट्स कार नाही, आणि माझी काँटेसा ही स्पोर्ट्स कार आहे हे मी सोडून कुणालाच मान्य नाही. "सर, स्पोर्ट्स कारला दोनच दारं असतात," असं नववीतल्या एका पोरानं मला भर वर्गात सुनावलं. पोरगं खोटं बोललं नाही. गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म तशी होती. दोन दारं, फायबरचं अंग, छप्पर काढून वाऱ्यावर फिरायची सोय. पण तिच्यात तुरीचं पोतं मावत नाही. बिदर-कलबुर्गीकडं जिच्यात तुरीचं पोतं मावत नाही तिला गाडीच म्हणत नाहीत, मग स्पोर्ट्स कुठलं!

काँटेसा दिसायला मात्र पहिलवान. विलायतेत १९७२ साली निघालेल्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा हा बांधा. बंगालातल्या उत्तरपाड्यात हिंदुस्तान मोटर्सनं तो १९८४ पासून आपल्याकडं आणला. लांबलचक बॉनेट, रुंद छाती. आणि त्या बॉनेटखाली सुरुवातीला काय, तर ॲम्बेसेडरचं १४८९ सीसीचं, पन्नासेक घोड्यांचं इंजिन. पहिलवानाच्या सदऱ्यात मुनीम बसलेला. पुढं कंपनीनंच तिला इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन आणि पाच गिअर दिले, तेव्हा कुठं सदरा अंगाला बसला. मी उमरग्याहून घेतली ती अर्थातच मुनीमवाली. ती पठारावर चढताना सायकलवाले मागून घंटी वाजवायचे.

म्हणून इसुझूचं इंजिन बसवायचं ठरलं. भंगारातनं एक मिळालंही, गिअरबॉक्ससकट. कर्नाटक सरकारच्या पगारावर मराठी शिकवणाऱ्या मास्तराला तेवढीच चैन. आमचे तात्या ओसरीवर सुपारी कातरत होते. ते एवढंच म्हणाले, "बैल तगडा आणलास. आता जू मोडंल. जू बदललास की आख मोडंल." तात्यांनी उभ्या जन्मात मोटार चालवली नाही, तेव्हा त्यांना यातलं काय कळतंय, असं मी मनात म्हणालो. हे वाक्य मी पुढं दोन वर्षं हप्त्याहप्त्यानं फेडलं.

गाडी बिदरला उस्तादांच्या गॅरेजात लावली. आमच्या भागात माणूस तीन भाषांत जगतो आणि तिन्हीत फसवला जातो. मराठीत 'उद्या' म्हटलं की निदान तो दिवस पुढं असतो. उस्तादांच्या दखनीत 'कल' म्हणजे काल आणि उद्या दोन्ही. 'परसों' म्हणजे तर गेलेला कुठलाही दिवस. आठ महिने झाल्यावर मी आवाज चढवला, तर उस्ताद दुखावून म्हणाले, "परसोंइच तो लाए थे आप!" राहिली कन्नड. तिच्यात 'नाळे बा', म्हणजे 'उद्या ये', असं दारावर लिहून ठेवायची जुनी रीत आहे. भूत येतं, वाचतं, परत जातं. दुसऱ्या दिवशी पुन्हा येतं, पुन्हा वाचतं. गॅरेजच्या शटरवर असं काही लिहिलेलं नव्हतं, तरी मी वाचून परत येत होतो.

तसा बिदरला अर्ध्यावर राहिलेल्या कामांचा राग येत नाही. महमूद गवानचा १४७२ चा मदरसा बघा. सतराव्या शतकाच्या अखेरीला दारूच्या स्फोटात त्याचा बराच भाग उडाला, आणि उरलेला तीनशे वर्षं ऐटीत उभा आहे. त्याला कुणी 'कधी होणार?' विचारत नाही. वर आभाळात हवाईदलाची सूर्यकिरण पथकाची विमानं पंखाला पंख लावून गिरक्या घ्यायची. त्यांचा मुक्काम बिदरलाच. खाली माझी गाडी चार विटांवर. उस्ताद मान वर करून म्हणायचे, "देखो, क्या सेटिंग है!"

शेवटी इंजिन बसलं. पैसे वाचवायला मी त्याच्याबरोबर आलेली जुनी क्लच प्लेट तशीच राहू दिली. हा माझाच शहाणपणा, उस्तादांनी दोनदा 'नक्को' म्हटलं होतं. पहिल्याच चढाला इंजिन वाघासारखं गुरगुरलं आणि गाडी जागची हलेना. मग करपल्याचा वास आला. उघडून बघतो तर प्लेट काळीकुळकुळीत. बिदरी कामात सोळा भाग जस्ताला एक भाग तांबं घेतात, चांदीची तार ठोकून बसवतात आणि किल्ल्यातली माती लावून भांडं काळं करतात. त्या काळ्याला जगभर मान आहे. उस्तादांनी प्लेट उजेडात धरली. "सर जी, बिदरी हो गई. बस, चांदी का काम बाकी है." चांदीचं काम माझ्या खिशानं केलं.

मधल्या काळात गाडी कर्नाटक पासिंग करायचं निघालं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं नोंदीतल्या गाडीत परवानगीशिवाय मूळ बदल करता येत नाही. खिडकीतल्या गृहस्थांनी इंजिन बदलायचं कारण विचारलं. मी खरं ते लिहिलं: हौस. त्यांनी ते वाचलं, माझ्याकडं बघितलं, आणि खोडून 'जुने इंजिन निकामी' लिहायला लावलं. मुनीमजींना मी मनातल्या मनात श्रद्धांजली वाहिली.

आता जू शाबूत झालं, तर ताण मागं सरकला. माझ्या गाडीत पाच गिअरचा बॉक्स लांब पडला, म्हणून मागच्या आखापर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्ट आखूड करणं आलं. तो मी कलबुर्गीला एका लेथवाल्याकडं नेला. तो म्हणाला, "आगतद्री, मेष्ट्रे." होतंय की, मास्तर. आणि झालंही; मधला तुकडा कापला, वेल्डिंग मारलं, शाफ्ट सुतात सरळ. गाडीला लावला आणि चाळीसच्या पुढं गेलो, तर आरसा, काच, माझे दात, सगळं थरथरायला लागलं. हुमनाबादपर्यंत माझा चष्मा दोनदा मांडीवर पडला.

कारण मोठं मजेचं निघालं. शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतो, म्हणून तो वाकड्या रेषेतही फिरतो. पण वाकड्यात फिरताना क्रॉस एकसारखा फिरत नाही. एका फेऱ्यात दोनदा पुढं धावतो, दोनदा रेंगाळतो. पुढचा धावला की मागच्यानं नेमकं तेवढंच रेंगाळायचं, म्हणजे चाकाला काही कळत नाही. त्यासाठी दोन्ही टोकांचे कान एका रेषेत लागतात. लग्नघरात दोन जावई असावेत तसं हे. एक रुसला की दुसऱ्यानं हसून सांभाळून घ्यायचं. आमचे कान वेल्डिंगच्या वेळी फिरून बसले होते. दोन्ही जावई एकदम रुसायचे, एकदम हसायचे, आणि मांडव हलायचा. खुणेचा खडू मारायला सांगायचं मीच विसरलो होतो. मी ही उपमा घरी मोठ्या उत्साहानं सांगितली. ही म्हणाली, "आमच्याकडं एकच जावई हाय, आन् तो बी गॅरेजात बसतोय."

शाफ्ट दुरुस्त झाला. मग मागच्या डिफरन्शियलमधून हूं हूं असा सूर यायला लागला. क्राऊनचे दात जुने, पिनियनचे झिजलेले. पन्नास घोड्यांना चालले, पंचाऐंशीला नाही. नवीन जोडी मिळाली. ती बसवताना उस्तादांनी काय केलं असेल? दातांना शेंदूर फासला! मी बघतच राहिलो. मग कळलं की चक्र हातानं फिरवायचं आणि शेंदूर कुठं पुसला जातो ते बघायचं. दाताच्या मधोमध पुसला तर ठीक. टोकाला किंवा बुडाला पुसला तर शिम घालायची नाहीतर काढायची, आणि पुन्हा शेंदूर. वर दातांत जेमतेम कागदाच्या जाडीची मोकळीक ठेवायची. कमी झाली तर तापतं, जास्त झाली तर ठोकतं. चार दिवस हेच चाललं. मी संध्याकाळी कपाळावर, बाहीवर शेंदूर घेऊन घरी यायचो. तात्यांना वाटलं, पोरगं शेवटी मारुतीला शरण गेलं.

"उदगीरला माझ्या भाच्याच्या लग्नाला याच गाडीत जायचं म्हणला होता न्हवं?" एका रात्री हिनं विचारलं. "त्याला लेकरू झालं. पुढच्या रविवारी बारसं हाय."

बारशाला गेलोच. डिकीत तुरीचं पोतं, पाळण्याचं सामान, मागच्या सीटवर ही. गाडी अशी पळाली की काय सांगू! थरथर नाही, हूं हूं नाही, चढाला तिसरा गिअर बदलायची गरज नाही. कमलनगर मागं पडलं, पाट्यांवरची भाषा बदलली. एका चहाच्या टपरीजवळ तरणी पोरं गाडीकडं बघत उभी होती. इथं मास्तरानं मास्तरासारखं निघायला हवं होतं. मी क्लच झटकन सोडला.

मागून काठी मोडल्यासारखा कडाक् आवाज आला आणि इंजिन मोकळं ओरडत राहिलं. डाव्या चाकाचा आख. तात्यांनी सांगितलेला, नाव घेऊन.

पोरांपैकी एकानं ट्रॅक्टर आणला. दोरी बांधली, त्यानं गिअर टाकला, हिसका दिला आणि ट्रॅक्टर एकटाच उदगीरच्या दिशेनं वीस पावलं गेला. दोरी मधोमध तुटली होती. पोरगं मागं आलं, गाडीच्या पुढच्या हुकाला हात लावून बघितलं आणि मनापासून म्हणालं, "सर, गाडी लई दणकट हाय बगा. दोरीच कच्ची निघाली."

"जोरात बोलू नका भाऊ," ही मागच्या सीटवरून म्हणाली, "आता दोरी बी मोठी बसवतेल."