रिपीटर

‘जेवलास का?’ असं रिपीटरला विचारलं, तर तो मनातल्या मनात चार पर्याय मांडतो, त्यातले दोन खोडतो आणि मग ‘हो’ म्हणतो.

गाव केज तालुक्यात. बारावीनंतर लातूरला क्लास, मग रिपीट, मग पुन्हा रिपीट. नीटचे १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबरला चार, चुकलं की एक वजा. एवढ्या चौकटीत त्याची मिसरूड फुटली. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ मेडिकल कॉलेज घराजवळ, पण तिथली जागा थोडक्यात हुकली आणि बीडीएस पदरात पडलं. गावाने तरीही चौकात बॅनर लावला. आजीला तेवढी शंका राहिली : “नुसता दाताचाच का रं? आन् माझं पोट दुखायलं तर?”

पहिल्या वर्षी त्याचं पाठांतर बघून वर्ग गार पडला. वरच्या पहिल्या दाढेच्या आतल्या अंगाला कधीकधी एक जादा उंचवटा असतो. त्याचं वर्णन व्हिएन्नाच्या कॅरॅबेलीने केलं, १८४२ साली, आणि हा गृहस्थ ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा दंतवैद्य होता, हे सगळं रिपीटर झोपेतही सांगतो. फक्त सरांनी एक दिवस हातात मेणाचा ठोकळा आणि कार्व्हर दिला आणि म्हणाले, “हं, ती दाढ आता कोरून दाखव.”

“सर, निगेटिव्ह मार्किंग आहे का?”

मेणाला होतं. एकदा जास्त खरवडलं की ते परत येत नाही. शेजारच्या बाकावरचा सराफाचा मुलगा, नीटला याच्या कितीतरी खाली, दाढ कोरून चहाला गेलासुद्धा. (त्याला शरीरक्रियाशास्त्राने पुढे दोनदा नापास केलं, म्हणजे तोही काही सुखात नव्हता.) रिपीटरची दाढ सरांनी उजेडात धरली, फिरवली, उलटी केली.

“ही उजवी की डावी?”

“यापैकी नाही, सर.”

लेखी परीक्षेतही तेच. विद्यापीठ ‘सविस्तर लिहा’ म्हणतं आणि हा दोन ओळींत बरोबर उत्तर देऊन मोकळा होतो. गोल काळे करण्यात इतकी वर्षं गेली, की वाक्य म्हणून काही लिहायचं असतं हे त्याच्या बोटांच्या ध्यानातून गेलं होतं.

आता खरी गंमत. हाच पोरगा जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत असताना करकटकाच्या टोकाने खडू कोरायचा. गणपती, बैल, एकदा तर हेडमास्तर, टोपीसकट. हेडमास्तर ओळखू आले म्हणूनच छड्या बसल्या. अमेरिकेत दंतवैद्यकीच्या प्रवेश परीक्षेत एकेकाळी मुलांना खडूच कोरायला देत आणि कॅनडात साबण. हे त्या गुरुजींना कोण सांगणार? पुढे लातूरच्या क्लासमध्ये खडू फक्त फळ्यापाशी राहिला आणि मुलांच्या हाती पेन. आपल्याकडे दातांच्या डॉक्टरची निवड करताना त्याचे हात कुणीच बघत नाही. मला तर वाटतं, नीटच्या हॉलमध्ये फक्त अंगठा तपासतात, तोही माणूस तोच आहे ना एवढ्यासाठी.

रिपीटर रात्री खोलीत मेण वितळवून पुन्हा पुन्हा दाढा कोरत बसला. उजवी-डावी कळण्याइतपत त्या झाल्या. तोवर तिसरं वर्ष उजाडलं आणि खुर्चीत खराखुरा पेशंट आला : धारूरकडची म्हातारी, जन्मभर मिश्री लावलेली. शहरातल्या दोघांनी आधी तिला ‘पेन कसा आहे’ विचारून पाहिलं होतं. ती त्यांच्या खिशाकडे बघत राहिली. मग रिपीटरला बोलावलं.

“आजे, दाढ कशी दुखायलीय? एक, ठणका लागलाय. दोन, कळ निघायलीय. तीन, गार पाणी लागलं की झणझणतंय. चार...”

“चौथं र्‍हाऊ दे लेकरा. समदंच हाय.”

त्याने केसपेपरवर ठसठशीत अक्षरात लिहिलं : वरीलपैकी सर्व.

सरांनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला. “हे काय?”

“मुख्य तक्रार पेशंटच्या शब्दांत लिहायची असते ना, सर?”