आडवे, उभे आणि काटेरी

मिनियापोलिसला जानेवारीत कुणी कुणाला तापमान विचारत नाही. नावाआधी 'श्री.' लागावं तसं इथल्या आकड्याआधी 'उणे' लागलेलं असतं, एवढं धरून चालायचं आणि मोज्यांवर मोजे चढवायचे. शहराच्या मध्यभागी इमारतींना रस्त्याच्या वरून जोडणारे काचेचे बंद पूल आहेत. ऑफिस, बँक, जेवण सगळं त्यांतून उरकत माणूस अख्खा हिवाळा रस्त्याला पाय न लावता काढू शकतो. मी असे बावीस काढले. तेविसाव्याला गाडीचं दार गोठलं. किल्ली हातात धरून मी गाडीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या, तरी ती प्रसन्न झाली नाही. त्याच संध्याकाळी टूसॉनचं तिकीट काढलं.

"टूसॉनला आपलं कोण आहे?" बायकोने विचारलं.

"टूसॉनकर."

"कधी भेटलायस त्यांना?"

"दर रविवारी भेटतो."

"प्रत्यक्ष?"

मी मोजे शोधू लागलो.

"अहो," बायको म्हणाली. आमच्याकडे 'अरे' रोजच्या वापरातलं आणि 'अहो' ही धोक्याची घंटा. "अहो, पेपरात बातम्या येतात त्या अशाच माणसांच्या असतात ना?"

तिचंही चूक नव्हतं. २०२०च्या टाळेबंदीत ओळखीच्या ओळखीतून आम्ही चौघं जमलो ते मराठी शब्दकोडं सोडवायला. दर रविवारी पडद्यावर चार चौकटी उघडतात. आडनावं लक्षात ठेवण्यापेक्षा आम्ही गावांना 'कर' जोडून मोकळे झालो: टोरांटोकर, शिकागोकर, टूसॉनकर आणि मी मिनियापोलिसकर. यातल्या टूसॉनकर बाई. आणि कोड्यात 'तुम्ही-आम्ही'ला वेळ नसतो. "अगं, पाच आडवा 'पडवळ' कसा होईल? तीनच घरं आहेत!" असं ओरडताना आदरार्थी बहुवचन सुचत नाही. दुसऱ्याच रविवारी आम्ही 'तू'वर आलो. तिसऱ्या रविवारी टोरांटोकर मला गाढव म्हणाला. म्हणजे घरोबाच झाला.

टूसॉनच्या विमानतळाबाहेर आलो तर १९ अंश. आधी उणे नाही! मी तिथेच जाकीट काढलं. खाली अर्धी चड्डी घालूनच निघालो होतो, कारण ऊन घ्यायचं तर नडग्यांसकट घ्यायचं. समोर एक बाई कानटोपी, स्वेटर आणि गळ्याला मफलर अशा बंदोबस्तात उभ्या होत्या. टूसॉनकर!

"आलात? प्रवास बरा झाला ना तुमचा?" त्या म्हणाल्या. "यंदा थंडी फार आहे हो."

'तुमचा'! वर 'हो'! पाच वर्षांचं एकेरी एका वाक्यात गेलं. आणि माझ्या तोंडूनही निघालं, "अहो, तुम्ही कशाला एवढा त्रास घेतलात?"

घरी बाकीचे दोघे आले होते. पडद्यावर सगळ्या माणसांची उंची सारखी असते, हे तोवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं. भरदार खांद्यांचा आणि भरदार आवाजाचा शिकागोकर माझ्या खांद्याला लागत होता. टोरांटोकरला दारातून येताना वाकावं लागलं. पाच वर्षं ज्याला आडवा समजत होतो तो उभा निघाला आणि उभा तो आडवा. चौघंही सोफ्याच्या कडेवर मुलगी पाहायला आल्यासारखे बसलो. टोरांटोकर म्हणाला, "आपण पुण्याचे का?" त्याला माझी शाळा, माझं कोलेस्टेरॉल आणि माझ्या मेव्हण्याशी चाललेला वाद, सगळं माहीत आहे. तरी 'आपण'!

जेवायला निवडुंगाची भाजी होती. मेक्सिकन लोक फड्या निवडुंगाची कोवळी पानं काटे काढून खातात. टूसॉनकरांनी ती बारीक चिरून, मिरचीची फोडणी देऊन, वर दाण्याचा कूट घातला होता. चवीला भेंडीची आंबट मावशी, आणि भेंडीसारखीच तारही सुटते. त्यांनी सांगितलं, की आपल्याकडे शेताच्या बांधावर असतो तो फड्या निवडुंग मूळचा अमेरिका खंडातलाच, गोऱ्यांच्या जहाजांतून हिंदुस्थानात आलेला. मी आयुष्यभर त्याला गावचा समजत होतो. तो इकडून तिकडे गेला आणि आम्ही तिकडून इकडे आलो. त्याचं तिकडे जास्त बरं चाललंय एवढंच.

दुसऱ्या दिवशी सवारो नॅशनल पार्क. 'टूसॉन'च्या स्पेलिंगमधला 'सी' मौनात आणि 'सवारो'च्या स्पेलिंगमधला 'जी' मौनात. कोडं सोडवणाऱ्याने जपूनच राहावं असा प्रांत. बेत वॉसन शिखराचा होता: ४,६८७ फूट, जाऊन-येऊन सात मैल. "म्हणजे कळसूबाईपेक्षा ठेंगणंच," मी म्हणालो. १९८५ साली दर रविवारी सिंहगड चढलेल्या माणसाला असं बोलावंच लागतं. निघताना टूसॉनकरांनी पाणी, संत्री, चिमटा आणि एक मोठी गुलाबी फणी पिशवीत टाकली. या वयात डोंगरावर केस विंचरायचे म्हणजे बाईंची हौस दांडगी, असं मी मनात म्हटलं.

सवारो म्हणजे सिनेमातला तो हात वर केलेला निवडुंग. पण हजारो सवारो एकदम हात वर करून उभे दिसले, की आपण नक्की काय विचारलं होतं असा प्रश्न पडतो. अंगावर उभ्या निऱ्या असतात. पाऊस पडला की पाणी पिऊन त्या सुटतात, उन्हाळ्यात पुन्हा घट्ट होतात. कारभार सावकाश: पहिल्या आठ वर्षांत जेमतेम एक-दीड इंच वाढ, आणि पन्नास ते सत्तर वर्षांनी पहिला हात फुटतो. त्या वयात आमचे गुडघे जातात. इथले मूळ रहिवासी, तोहोनो ओऽदम, सवारोला माणूसच मानतात. मला ते पटलं. मागच्या वळणावरचा एक सवारो हुबेहूब आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा उभा होता.

दीड मैलावर आम्ही चौघं अजून "तुम्ही पुढे व्हा", "नाही नाही, तुम्ही" करत होतो. अरुंद पायवाटेवर त्यामुळे रहदारी तुंबली. एका आज्जींनी आम्हाला दोनदा ओलांडलं. शेवटी शिकागोकर म्हणाला, "एक फोटो घेता का आमचा?" फोटोत सगळे मावावेत म्हणून मी एक पाऊल मागे गेलो.

मागे चोया होता. हाही निवडुंगच, लोक त्याला उड्या मारणारा म्हणतात. तो उडी मारत नाही. नुसता धक्का लागला तरी त्याचं काटेरी बोंडुक तुटून चिकटतं, आणि काट्यांना उलटी कुसं असल्याने निघत नाही. ते माझ्या उघड्या पोटरीला चिकटलं. मी ते हाताने ओढलं. आता ते पोटरीला आणि बोटांनाही होतं.

"गाढवा! हात नको लावूस!" टूसॉनकर किंचाळली. "खाली बस! अरे, तिकडे नको, तिकडे दुसरा आहे!"

टोरांटोकरने सहा फूट तीन इंचांतून वाकून माझे खांदे धरले. शिकागोकरने पाय धरला. टूसॉनकरने पिशवीतून ती गुलाबी फणी काढली, बोंडकाखाली सारली आणि एका झटक्यात उडवली. मी जे ओरडलो ते कुठल्याही कोड्यात छापता येणार नाही. मग ती चिमट्याने एकेक काटा काढत बसली.

"चड्डी घालून आलायस वाळवंटात," ती म्हणाली.

"तू सांगितलं नाहीस."

"आता हेही सांगायचं?"

"पाच अक्षरी शब्द," शिकागोकर पाय सोडत म्हणाला. "मूर्ख माणूस."

"बिनडोक? चारच होतात," टोरांटोकर म्हणाला. "अक्कलशून्य!"

"बरोब्बर पाच घरं! मोज तूच."

ज्याने आपला पाय मांडीवर घेऊन काटे काढलेत त्याला 'आपण' म्हणणं मराठीत अशक्य आहे. वॉसन शिखर राहिलं. आम्ही तिथेच एका खडकावर संत्री खाल्ली, आणि खाली उतरताना चौघं एकाच वेळी बोलत होतो. पडद्यावर तसं जमत नाही, एकाचा आवाज दुसऱ्याला दाबतो. निघताना विमानतळावर टूसॉनकरने आठवण म्हणून माझ्या बॅगेत काहीतरी कोंबलं. घाईत मी पाहिलं नाही.

मिनियापोलिसला उणे २२ होतं. बायकोने बॅग रिकामी करायला घेतली. मी पोटरी चोळत, कुठून सुरुवात करावी याचा विचार करत होतो.

"अहो," आतून आवाज आला. "ही गुलाबी फणी कुणाची?"