थायलंडची चिंच

आमच्या साडूंनी थायलंडहून चिंच आणली.

बरोबर वाचलंत. नगरचा माणूस विमानानं गेला आणि येताना कपड्यांच्या घड्यांत जपून चिंच घेऊन आला. अर्ध्या किलोचा खोका, त्यावर सोनेरी अक्षरं, आत एकेक शेंग तान्ह्या बाळासारखी मऊ कागदात गुंडाळलेली. किंमत दीडशे बाट. सहलीत बाटाचे रुपये करायचे नसतात, असा साडूंचा दंडक आहे. करणारा त्यांना दळभद्री वाटतो. मी दळभद्री आहे. पावणेचारशेच्या पुढे जातात.

“लोकल मार्केटमधून घेतली, भाऊजी,” मेहुणी म्हणाली. “तिथल्या बायका होडीत बसून विकतात. इतकं ऑथेंटिक!”

ज्या जिल्ह्यात चिंचोंडी पाटील आहे, चिंचोली गुरव आहे, चिंचपूर पांगुळ आहे, त्या जिल्ह्यात ही चिंच आली. ऊन तापायला लागलं की इथं मार्केट यार्डात चिंचेची पोती पडतात. खेडोपाडी बायका ओसरीवर दगड घेऊन बसतात, शेंगेचं टरफल काढतात, शिरा ओढतात, ठोका घालून चिंचोका वेगळा करतात. मजुरी किलोवर. दोन-चार दिवसांत बोटं काळी पडतात आणि जिथं चरा गेला असेल तिथं आंबट झोंबत राहतं. चिंचोकाही फेकत नाहीत, खळीसाठी त्याला वेगळं गिऱ्हाईक असतं. हे सगळं साडूंच्या बंगल्यापासून स्कूटरच्या अंतरावर. पण तिकडं ते कधी फिरकले नाहीत, कारण तिकडं धूळ असते. दाम्नोन सादुआकच्या बाजारात धूळ नाही, सगळं पाणीच. त्या पाण्यावरून लांब दांड्याच्या मोटारबोटी धूर सोडत पर्यटकांच्या नाकाखालून जातात, पण तो धूर परदेशी. त्यानं खोकला येत नाही.

हा बाजार बँकॉकपासून शंभरेक किलोमीटरवर. कालवा एकोणिसाव्या शतकातला, आणि एके काळी आसपासचे बागायतदार खरंच फळं-भाजी होडीत घालून तिथं आणत. आता होडीत हत्तींच्या छापाच्या विजारी असतात, फ्रिजला चिकटवायची चुंबकं असतात, करवंटीतलं नारळाचं आइस्क्रीम असतं, आणि काठावर एक माणूस अजगर घेऊन उभा असतो, पैसे दिले की तो तुमच्या गळ्यात घालतो. (साडूंनी घातला. फोटोत दोघांपैकी अजगर जास्त निवांत दिसतो.) घरची भाजी न्यायला आलेला थाई माणूस तिथं दिवा घेऊन शोधावा लागेल. पण साडूंच्या मते बाजार अस्सल, कारण तिथं घासाघीस करता आली.

ही घासाघीस कॅल्क्युलेटरवर होते. बाई आकडा दाबून दाखवते, आपण तो पुसून निम्मा दाबायचा, ती हसते, थोडा कमी करून पुन्हा दाबते. साडूंना हा त्या देशाचा सांस्कृतिक ठेवा वाटला. काष्टीच्या शनिवारच्या बाजारात हातावर उपरणं टाकून, त्याखाली नुसती बोटं धरून बैलाचा सौदा होतो. बाजूला उभ्या माणसाला आकड्याचा पत्ता लागत नाही. ते त्यांना सांगितलं, तर म्हणाले, “तिथं पार्किंग नाही.”

असो. चिंचेकडे येऊ.

खोका काही दिवस दिवाणखान्यात काचेच्या कपाटात होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला एकेक शेंग दाखवली जायची, दिली जायची नाही. मग एका रविवारी मेहुणीनं धाडस करून ती चिंचगुळाच्या आमटीत घातली. आता फेच्चाबून प्रांताची ही चिंच जातीचीच गोड. नुसती सोलून खायची, आमटीशी तिचा संबंध नाही. त्यात रीतीप्रमाणे गूळही पडला. आमटीचा पाक झाला. मग त्यात लिंबू पिळलं. मग आमसुलं टाकली. मग मीठ. पानं वाढलेली, भात निवत चाललेला, आणि घरात खल सुरू झाला की दोष नक्की कुणाचा. साडू म्हणाले, तुरीच्या डाळीत हल्ली भेसळ असते. मेहुणी म्हणाली, गूळ केमिकलचा आहे. सासूबाईंनी फोडणीवर संशय घेतला. चिंचेबद्दल ब्र काढायची कुणाची छाती होईना, कारण ती समुद्र ओलांडून, सामानाच्या वजनात बसवून, साडूंच्या एका बुटाच्या जोडीला तिकडेच सोडून आलेली. शेवटी पोराला दाळमंडईत पिटाळलं. त्यानं वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेला काळा, चिकट, बेवारशी दिसणारा गोळा आणला. तो कोमट पाण्यात कोळून आमटीत गेला आणि आमटी माणसात आली. त्या गोळ्याचा फोटो काही कुणी काढला नाही.

“पण क्वालिटी बघा,” साडू हात धुताना म्हणाले. “आपल्याकडं चिंचेला कुणी विचारत नाही.”

मी म्हटलं, लातूर जिल्ह्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय.

साडूंनी विचारलं, “तिथं बोटी आहेत का?”

विचारत नाही म्हणतात ते एका परीनं खरंच. रस्त्याच्या कडेच्या जुन्या चिंचा तोडताना तरी कुणाला विचारलं होतं? रस्ते रुंद करायचे म्हणून त्या गेल्या. सावली गेली. जाता-येता पोरं दगड मारून गाभुळलेल्या चिंचा पाडायची, तेही गेलं. रस्ता रुंद झाला, त्याबरोबर खड्डेही रुंद झाले, आणि त्याच खड्ड्यांतून कंबर सांभाळत आमचे साडू लोकल मार्केट बघायला विमानतळावर गेले.

त्या सहलीचा दुसरा थांबा होता मेकलाँग. तिथं रेल्वेच्या रुळांवर भाजीबाजार भरतो. रुळाला खेटून टोपल्या, वर ताडपत्र्या. गाडीची शिट्टी झाली की बाया ताडपत्र्या ओढून घेतात, माल मागं सारतात, गाडी सावकाश वीतभर अंतरावरून निघून जाते, आणि शेवटचा डबा सरकतो न सरकतो तोच ताडपत्र्या पुन्हा पसरलेल्या. साडूंनी याचा व्हिडिओ काढलाय आणि तो चहाच्या आधी दाखवला जातो. “शिस्त बघा. गरीब माणसाची जिद्द बघा. सरकारही समजूतदार, उठवत नाही!” हे बोलताना त्यांचा आवाज भरून येतो. आणि याच गृहस्थांनी आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या भाजीवाल्या बायकांविरुद्ध सह्यांची मोहीम काढलीय! त्यांच्या मागं रूळ नाहीत, पुढं रूळ नाहीत. गोणपाटावर मेथी, कोथिंबीर, गवार, हंगामात हरभऱ्याचे ढाळे, इतका सगळा पसारा. त्यातली एक पहाटेच्या टेम्पोनं वाळकीकडून येते, टेम्पोवाल्याला भाडं देते, पावती फाडते, आणि उन्हात पदर डोक्यावर घेऊन बसते. आमची मेहुणी तिच्याकडं दहाची जुडी आठला मागते. आठला मिळाली की कढीपत्ता फुकट मागते. कढीपत्ता मिळाला की “दोन मिरच्या टाक गं वरून” म्हणते. मग घरी येऊन सांगते, या बायका फार लुटतात. तिकडं मात्र होडीतल्या बाईला खोक्याचे दीडशे दिल्यावर वर वीस बाट बक्षीस, कारण ती किती छान हसली! इथली हसत नाही, ही अर्जातली एक तक्रार आहे. हसेल कशाला? दोन रुपये सोडून वर मिरच्या देताना कोण हसतं? मी सहलीवाल्यांना सहल नको म्हणत नाही, अजगर गळ्यात घाला, हत्तीच्या विजारी घाला, काय वाट्टेल ते करा. पण जी बाई दुसऱ्या देशात रुळावर बसली की संस्कृती होते, तीच आपल्या दारात बसली की घाण कशी होते, एवढं मला कुणीतरी व्हिडिओसकट समजावून सांगावं.

अर्जाची भाषा साडूंचीच. “सदर महिलांमुळे वाहने लावण्यास अडथळा होत असून परिसराची शोभा जात आहे.” सभेत तो वाचून दाखवला गेला. मी एक दुरुस्ती सुचवली. बायकांना उठवण्यापेक्षा कॉलनीतून एक रेल्वेलाईन घालून घ्यावी. दिवसातून दोन-तीनदा गाडी जाईल, बाया ताडपत्र्या ओढतील, बघायला पर्यटक येतील, तिकीट लावता येईल. शिवाय साडूंचा विमानखर्च वाचेल.

अध्यक्षांनी दुरुस्ती फेटाळली. गाडी लावायला जागा उरणार नाही म्हणे.