तृतीय पुरुष, एकवचन

दसरा उलटला की आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत स्टाफरूमच्या दाराशी एक नवी जमात उगवते. चार वर्षांत या मजल्यावर तिचे येणे सबमिशनच्या शेवटच्या दिवसापुरते होते. आता ती रोज येते, वेळेआधी येते आणि आत कोणी नसले तरी ‘मे आय कम इन सर’ म्हणते. हा एलओआर, म्हणजे शिफारसपत्र, मागणारा विद्यार्थी. लोक त्याला खुशामतखोर म्हणतात, पण आरोप टिकत नाही. खुशामतीला आधी ओळख लागते, आणि नेमकी तीच करून द्यायला तो आलेला असतो. शिफारसपत्रावरून परक्या विद्यापीठाला विद्यार्थी कळावा अशी योजना आहे. आमच्याकडे त्यावरून तो प्रथम सरांना कळतो.

पुरावा त्याच्या हातातल्या फोल्डरमध्येच आहे. ज्या माणसाने चार ओळींत आपल्याविषयी सांगायचे, त्याच्यासाठी विद्यार्थी रेझ्युमे, मार्कशीटच्या झेरॉक्स आणि रोल नंबर घेऊन जातो. सर फोल्डर चाळतात आणि म्हणतात, ‘तूच ड्राफ्ट करून आण, मी बघतो.’ इथे खरी पंचाईत होते. आपल्या तोंडाने आपले कौतुक करू नये या संस्कारात वाढलेल्या मुलाला स्वतःबद्दल तृतीय पुरुषी एकवचनात दोन पाने लिहायची असतात. ‘मुलगा बरा आहे’ यापुढे लेखणी सरकत नाही. मग तो सीनियरचा ड्राफ्ट मागवतो, सीनियरने तो त्याच्या सीनियरकडून घेतलेला असतो, आणि अशा रीतीने एखाद्या कॉलेजातले नेतृत्वगुण, चिकाटी व संशोधक वृत्ती वडिलोपार्जित जमिनीसारखी पिढ्यान्‌पिढ्या चालत येते. मूळ मालक मुलगी होती हे तिसऱ्या परिच्छेदात राहून गेलेल्या एका ‘शी’वरून कळते. पत्रे तीन लागतात, म्हणून तो एका सरांना टाइम्स न्यू रोमन देतो, दुसऱ्यांना कॅलिब्री आणि एचओडींना एरियल. गुरुजनांच्या स्वभावातला फरक दाखवायला याहून अधिक माहिती त्याच्यापाशी नसते.

ही सरळ लबाडी आहे, असे कोणी म्हणेल. आणि दाखला देईल तो 1948 सालचा: कार्नेगी टेकच्या रिचर्ड डफिन यांनी 19 वर्षांच्या जॉन नॅशसाठी प्रिन्स्टनला जे पत्र पाठवले, ते मोजक्या ओळींचे होते, आणि त्यातले महत्त्वाचे विधान एकच, की हा मुलगा गणितातला अलौकिक बुद्धीचा आहे. खरे आहे. पण डफिन नॅशला ओळखत होते. ओळख असली की पत्र आखूड होते. नसली की ते दोन पाने भरते. लबाडीच शोधायची तर ती विद्यापीठाच्या अर्जाच्या पोर्टलवर शोधावी. अमेरिकेतल्या 1974 च्या कायद्याने तिथे प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला आपली शिफारसपत्रे पाहण्याचा हक्क दिला, म्हणून अर्जातच विचारतात, हा हक्क सोडता का? सोडला तर पत्रावर जास्त विश्वास बसतो, असे कन्सल्टन्सीवाल्याने बजावलेले असते. तेव्हा आमचा विद्यार्थी, जे पत्र त्याने स्वतः लिहिले, ज्याच्या स्पेलिंगा त्याने तीनदा तपासल्या, ते पत्र आपण कधीही वाचणार नाही असे गंभीरपणे मान्य करून खूण करतो. एवढा निर्मळ त्याग कथा-कीर्तनातही सापडायचा नाही.

दुसरा आक्षेप सरांवर: त्यांनी स्वतः लिहायला काय हरकत आहे? हिशेब करून पाहावा. दहा मुलांनी प्रत्येकी आठ विद्यापीठे धरली की सरांना पत्र अपलोड करायच्या 80 लिंका झाल्या, आणि त्या नेमक्या ओरल-प्रॅक्टिकलच्या दिवसांत येतात. प्रत्येक लिंक विचारते, विद्यार्थ्याला किती काळ ओळखता? (मंगळवारपासून, हा पर्याय नसतो.) वर्गातल्या पहिल्या 5 टक्क्यांत बसतो का? साठांच्या वर्गात 5 टक्के म्हणजे तिघे, पण स्टाफरूमबाहेर उभे असतात दहा, आणि नाही म्हणायचे कोणाला? सर दहाही जणांना त्या तिघांत बसवतात. डोंबिवली लोकल ज्यांनी पाहिली आहे त्यांना यात अशक्य काही वाटू नये. मुदत 15 डिसेंबरची असते. 16 तारखेला सकाळी साडेनऊला विद्यार्थी सरांच्या केबिनबाहेर घाम पुसत म्हणतो, ‘सर, न्यूयॉर्कला अजून पंधराच तारीख आहे.’ टाइमझोन हा विषय त्याला इथे प्रथमच नीट समजलेला असतो.

पुढे प्रवेश मिळतो, पेढे येतात. पहिला पेढा एचओडींना, मग सह्या करणाऱ्यांना, आणि उरलेला बॉक्स लॅबमधल्या मामांच्या टेबलावर. या मामांनी चार वर्षे त्याला लॅबची किल्ली दिली. प्रोजेक्टचे सर्किट कुणाच्या हातून जळले, आदल्या रात्री एकटा कोण बसून राहिला, बाकीचे तिघे फक्त प्रेझेंटेशनला कसे आले, हे सगळे त्यांना तोंडपाठ असते, आणि विचारले तर ते चार ओळींतच सांगतील. पण मामांचे नाव कुठलेच पोर्टल मागत नाही. मागितलेच असते, तर संस्थेच्या डोमेनचा ईमेल हवा म्हणून अडले असते.